दोन घरांची एक खिडकी

अंबादास मिस्त्रीनं पेचकस खिडकीच्या चौकटीत खुपसला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"बघा आप्पा," तो म्हणाला, "पार लोणी झालंय."

त्यानं पेचकस ओढून काढला तसा पिवळा भुसा भसाभसा खाली सांडला. माझ्या पायाच्या अंगठ्यावर दोन वाळव्या चढल्या. मी पाय झटकला.

"वरनं कशी आहे?"

"वरनं ठणठणीत." त्यानं बोटाच्या पेरानं दांडा ठोकून दाखवला. "जुनं सागवान हाय. खालचा आडवा तेवढा गेलाय, न् उभ्यांचे पाय. आता दोन वाटा हाईत. एक, सडलंय तेवढं कापतो, नवा तुकडा सांध्यात बसवतो, वीस वर्षं बघायला नको. दुसरी, ही अख्खी उपसून काढायची न् ॲल्युमिनियमची सरकती बसवायची. मी आता दोन्ही करतो. बोला, काय करू?"

'दुरुस्त कर' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते मला एकट्याला म्हणता येत नव्हतं. कारण ती खिडकी निम्मीच माझी होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा काय बरळतोय.

मी मोजणी खात्यात होतो. बत्तीस वर्षं लोकांच्या शेतांचे बांध मोजले. आज करमाळा, उद्या सांगोला, परवा आणखी कुठं. माझा धाकटा भाऊ गुरुनाथ बार्शीतच राहिला. बाजारात त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आई-वडिलांचं म्हातारपण, दुखणी-खुपणी, शेवटचं सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कमळनं, निस्तरलं. मी निवृत्त होऊन बायकोला घेऊन आलो तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत, चार पाहुण्यांच्या देखत, मला दुर्बुद्धी सुचली. मी म्हणालो, "गुरू, वडिलांच्या घरात निम्मा वाटा माझाही आहे, हे लक्षात असू दे."

गुरूनं हातातला घास पानात ठेवला. म्हणाला, "घे की दादा. मोजून घे. तुझं कामच आहे ते."

आणि मी गाढव, खरंच टेप घेऊन आलो.

पुढची खोली एकवीस फूट भरली. साडेदहाला खडूची रेघ मारली, तर ती बरोबर मोठ्या खिडकीच्या मध्यावर आली. चार झडपांची सहा फुटी खिडकी, मधे एक जाड उभा दांडा. गवंडी म्हणाला, "आप्पा, भिंत जरा सरकवू का? खिडकी अख्खी एकाकडं जाईल, दुसऱ्याला नवी पाडून देतो." मी म्हणालो, त्याला विचार. गुरू म्हणाला, दादानं मोजलंय ना, मग तसंच बांध. झालं. भिंत आली आणि मधल्या दांड्याला टेकली. दोन झडपा माझ्या, दोन त्याच्या. गावातली पोरंटोरं सुद्धा बघायला यायची आमची खिडकी. त्या दिवसापासून आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नाही. चौदा वर्षं झाली होती.

माझी बायको शकुंतला त्यातल्या चौथ्या वर्षी गेली. गुरू आला, खांदा दिला, दहा दिवस रोज येऊन ओट्यावर बसला. पण बोलला नाही. मीही बोललो नाही. मुलगी हुबळीला दिलेली, ती रडून-भेकून परत गेली, आणि मग घरात माझं मी. पहिले काही महिने तर दिवसच्या दिवस तोंड उघडायचं कारण पडायचं नाही. एकदा दूधवाल्यानं काहीतरी विचारलं आणि माझ्या घशातून आवाजच फुटेना. हवा नुसती. मी घाबरलो. तेव्हापासून रोज सकाळी खिडकीशी बसून पेपर मोठ्यानं वाचायला लागलो. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. आपला आवाज आहे ना जागेवर, एवढं बघायला.

आणि दुसरी गोष्ट अशी की लाकडाला सिमेंट धरत नाही. भिंत बांधल्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंत आणि दांडा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. त्या फटीतनं मला गुरूचं घर ऐकू यायचं. कमळची फोडणी, तिचं मोलकरणीवर ओरडणं. दुरुस्तीला आलेली घड्याळं तो घरी आणून ठेवायचा, ती सगळी मागेपुढे वाजायची. एकाचे बारा झाले तरी दुसऱ्याचे व्हायचे असायचे. गुरूला सर्दी झाली की ओळीनं सात शिंका यायच्या. मी इकडे मोजायचो, आणि सहावरच थांबला तर दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. सागवान पावसाळ्यात फुगतं, फट मिटते. ते चार महिने मला वाईट जायचे. दिवाळी सरली की लाकूड आकसायचं आणि घर पुन्हा बोलायला लागायचं.

सांगायला लाज वाटते, पण माझी सोबत म्हणाल तर एवढीच होती. आणि अंबादास म्हणत होता ती नवी खिडकी बसली, फट बुजली, की तीही जाणार. हे मला त्या पेचकसाबरोबरच कळलं होतं.

पण मी म्हणालो काय?

"आधी त्याला विचार."

अंबादास माझ्या ओट्यावरून उतरला, त्याच्या ओट्यावर चढला. पाच मिनिटांनी परत आला.

"गुरूअण्णा म्हणले, दादा म्हणंल तसं."

"असंच म्हणाला?"

"असंच."

"म्हणताना तोंड कसं होतं?"

"तोंड? तोंडासारखं तोंड होतं आप्पा."

दादा म्हणेल तसं! भिंतीच्या वेळीही हेच म्हणाला होता. माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. हा टोमणाच, दुसरं काही नाही. चौदा वर्षं झाली तरी मेल्याची रग जिरत नाही.

"त्याला म्हणावं, दादाचं काही म्हणणं नाही. नवी हवी तर नवी घे, जुनी हवी तर जुनी ठेव. मला काय, वारा आला म्हणजे झालं."

अंबादास गेला, आला.

"म्हणले, नवी बसवायची असंल तर बसवा. माझी आडकाठी न्हाई."

"म्हणजे त्याला नवीच हवी आहे."

"तसं न्हाई म्हणले."

"अरे, मग म्हणतोय तरी काय?"

अंबादास मटकन पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आप्पा, तुमच्या पाया पडतो. एकदा दोघं त्या भिंतीवर डोकं आपटून घ्या, तुम्ही हिकडनं, त्यांनी तिकडनं. मला दुसरी कामं हाईत." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "मला विचारत असाल तर दुरुस्त करा. असलं सागवान आता बघायला मिळत न्हाई. मीच सांगतो त्यांना, मिस्त्री म्हणून. तुमचं नाव बी घेत न्हाई."

बघा, देवानं हात पुढं केला होता. 'बरं, सांग' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

"नको," मी म्हणालो. "उद्या म्हणायला नको, आप्पानं अडवून धरलं. बसव नवी."

गेलं तोंडातून. मी आत येऊन फटीला कान लावला. अंबादास या वेळी त्याच्या खोलीत जाऊन बोलत होता. "दादांनी नवी सांगितली." कमळ काहीतरी पुटपुटली, त्यावर गुरू खेकसला, "तू गप." आणि मग म्हणाला, "बरं. नवी तर नवी."

मला वाटलं, झालं याच्या मनासारखं.

मधे पावसाळा आला म्हणून काम थांबलं. दिवाळीनंतर अंबादास दोन माणसं घेऊन आला आणि पहारी घालून चौकट उपटली. चाळीस वर्षांची खिडकी, निघताना एवढी किंचाळली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. दोन घरांना मिळून एक मोठं भगदाड पडलं. मधे आमची भिंत, जीभ बाहेर काढल्यासारखी. माझी एक बिजागरी घरंगळत तिच्या कडेला गेली होती, ती उचलायला मी वाकलो आणि सहज पलीकडे बघितलं.

गुरू बसला होता. वेताच्या खुर्चीत, भिंतीला अगदी खेटून. इतका जवळ, की हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. एवढी मोठी खोली सोडून, धूळ उडत असताना, हा माणूस इथं कोपऱ्यात का बसलाय ते मला कळेना. तो बशीतनं चहा पीत होता. प्यायला, आणि बशी ठेवायला त्यानं हात बाजूला नेला. स्टूल तिथं नव्हतं. तो हवेत चाचपडत राहिला. बोटांनी स्टुलाची कड शोधली, मग सावकाश बशी ठेवली. चेहरा माझ्याच बाजूला होता. डोळे उघडे होते. मला बघून त्यातलं काहीही हललं नाही.

मी मागे सरकलो. बिजागरी तिथंच राहिली.

त्यानं दुकान बंद केल्याचं कानावर आलं होतं. म्हटलं, वय झालं. गावात कोणी गुरूचा विषय काढला की मीच तो तोडायचो, मग सांगणार कोण मला? आमच्या वडिलांचेही डोळे शेवटी साखरेनं गेले होते. केसाएवढ्या चाकांत चाकं बसवणारा माणूस तो, आणि त्याला स्टूल दिसत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नवी चौकट बसली. मधे लाकडी दांड्याच्या जागी जाड चौकोनी पाइप आला. भिंत आणि पाइप यांच्यामधली फट आता दोन बोटांची झाली होती.

"हिचं काय?" मी विचारलं.

"उद्या सिलिकॉनवाला येतोय की. दुपारी. सगळ्या फटी भरून टाकंल. मग मुंगी जायची न्हाई आप्पा. तिकडं ढोल बडवला तरी तुम्हाला हिकडं कळायचं न्हाई." अंबादास खूश होता. त्याला वाटलं मी पण खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचायला घेतला आणि अर्ध्यातच ठेवला. मन लागेना. शेवटी ठरवलं. जायचं. त्याच्या दारात जायचं आणि सांगायचं, गुरू, ती फट राहू दे. का म्हणून विचारलं तर विचारलं. हसला तर हसला.

माझ्या ओट्यापासून त्याच्या ओट्यापर्यंत अकरा फूट अंतर. मीच मोजलेलं. ते चालायला मला दहापासून बारा वाजले. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. शेवटी कमळ पिशवी घेऊन बाजारात जाताना दिसली तेव्हा उतरलो. तिच्यासमोर त्यानं मला परत पाठवलं असतं तर ते सोसलं नसतं.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. गुरू त्याच खुर्चीत होता.

"कोण?" तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. आणि त्या दूधवाल्याच्या वेळेसारखंच झालं. आवाजच नाही.

"सिलिकॉनवाले का? या, या. लवकर आलात." त्यानं हातानं खिडकीकडे दाखवलं. "मला दिसत नाही नीट, तेव्हा तुमचं तुम्हीच बघून घ्या. बायको बाजारात गेलीय."

आता सांगू, म्हटलं. मी आहे म्हणू. पण तो बोलतच सुटला.

"अंबादासनं तुम्हाला सगळं बंद करा म्हणून सांगितलं असेल. तसं करू नका. इकडं या जरा. ही भिंत आणि तो पाइप, यांच्यात फट आहे ना? ती भरू नका. बाकी काय भरायचं ते भरा."

मी जागचा हललो नाही.

"का म्हणून विचाराल. पलीकडं माझा मोठा भाऊ राहतो. एकटाच असतो. सकाळी पेपर वाचतो, मोठ्यानं. माझे डोळे गेले चार वर्षांपूर्वी, साखरेनं. तेव्हापासून मी त्याचंच ऐकतो. बायको वाचून दाखवते हो, नाही असं नाही, पण ती निधनवार्तांपासून सुरू करते आणि तिथंच डोळे पुसत बसते." तो हसला. "भाऊ वाचतो झकास. मास्तरासारखं, ठणकावून. फक्त परदेशी पुढाऱ्याचं नाव आलं की अडकतो. दोनदा आपटतो, तीनदा आपटतो, आणि मग त्या पुढाऱ्यालाच शिवी हासडतो. मी इकडं पंचा तोंडात कोंबून हसतो. त्याला ऐकू जाता कामा नये ना."

मी भिंतीला हात टेकला. माझीच भिंत, पण ही बाजू मी कधी बघितली नव्हती. तिला फिकट निळा रंग होता.

"मला नको होती ही नवी खिडकी," गुरू म्हणाला. "पण त्याला हवी होती. म्हटलं, होऊ दे. त्याला तरी आता कोण आहे? निदान खिडकी तरी मनासारखी असावी. पण कालपासून जेवण गोड लागत नाही मला."

तो पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"त्याला सांगू नका हं. कळलं तर वाचायचा थांबेल. हट्टी आहे भारी. मीही काही कमी नाही म्हणा. चार लोकांत मी त्याला म्हणालो होतो, मोजून घे. पंगतीत. तो चुकला असेल, पण मी तसं म्हणायला नको होतं. वडिलांच्या जागी होता तो मला." त्यानं मान हलवली. "जाऊ दे. तुम्हाला काय ऐकवत बसलो. उन्हातनं आलाय, माठातलं पाणी घ्या."

माठ स्वयंपाकघराच्या दाराशी होता. मी तांब्या बुडवला आणि तिथंच उभ्यानं सगळं पाणी प्यायलो. काही सदऱ्यावर सांडलं. चौदा वर्षांत त्या घरात मी घेतलेलं पहिलं पाणी. आता तरी म्हण, मी स्वतःला सांगत होतो, आता तरी म्हण की भडव्या. पण मला वाटलं, आता बोललो तर काय होईल? आपण हे सगळं दादालाच सांगून बसलो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल. मला हाकलेल. आणि उद्यापासून ती खुर्ची तिथून हलेल. आहे तेही जाईल.

"सोडाल ना फट?" त्यानं विचारलं. "किती सोडाल?"

मी त्याच्याजवळ गेलो. त्याचा उजवा हात उचलला. हात गार होता आणि हलका. त्याची दोन बोटं धरली आणि पाइप आणि भिंत यांच्यामध्ये ठेवली. एवढी.

तो ते चाचपून बघत राहिला. माझा हात त्यानं सोडला नाही, म्हणजे मीच सोडला नसेन, आता नक्की आठवत नाही.

"हां," तो म्हणाला. "एवढी पुरे."

मी बाहेर आलो आणि चौकापर्यंत जाऊन अंबादासला गाठलं. म्हटलं, "त्या मधल्या फटीला हात लावायचा नाही. सिलिकॉनवाल्याला गुरूच्या घरात पाठवू नकोस, त्याच्या बाजूचं बाहेरूनच भरून घे."

"अर्धवट दिसंल की आप्पा. माझं नाव खराब हुईल. न् गुरूअण्णांनी विचारलं तर?"

"नाही विचारणार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझा सदरा ओला होता आणि डोळ्यांचं काय झालं होतं देव जाणे. तो "बरं" म्हणाला आणि पुढं काही विचारलं नाही. भला माणूस.

त्यानंतर सहा वर्षं मी पेपर वाचला. आधी वाचायचो त्याहून खणखणीत. अग्रलेख टाळायचो, तो वाचायला लागलो. घड्याळांची काही बातमी आली तर दोनदा वाचायचो. निधनवार्ता साफ गाळायचो. परदेशी पुढाऱ्यांची नावं मला एव्हाना चांगली यायला लागली होती, तरी मुद्दाम अडखळायचो आणि चांगल्या दोन शिव्या द्यायचो. पलीकडून काही तरी दाबल्यासारखा आवाज यायचा. मग मला दिवसभर बरं वाटायचं. आता लाकूड नव्हतं, त्यामुळं पावसाळ्यातही फट मिटत नव्हती. मला वाटायचं, चाललंय की आमचं छान. त्याला माहीत नाही की मला माहीत आहे. राहू दे तसंच. रस्त्यात कमळचा हात धरून तो समोरून आला तर मी बाजूच्या बोळात वळायचो, न जाणो, तोंडातून काही निघून जाईल.

सातव्या वर्षी, फाल्गुनात, गुरू गेला. झोपेतच. मी गेलो, खांदा दिला, दहा दिवस त्याच्या ओट्यावर बसलो. आलेल्या माणसांशी काय बोलायचं ते मला कळत नव्हतं.

सगळं कार्य उरकल्यावर एका सकाळी कमळ माझ्या दारात आली. शकुंतला गेली ते दहा दिवस सोडले तर त्या दारात ती वीस वर्षांत आली नव्हती. मी खुर्ची पुढं केली, ती खालीच बसली. बराच वेळ फरशीवरून बोट फिरवत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "एक विचारू का? ती खिडकी बसवली तेव्हा तुम्ही आमच्याकडं येऊन गेला होता ना?"

मी दचकलो. "तुला कोणी सांगितलं?"

"ह्यांनीच. मी बाजारातनं आले, तर म्हणाले, दादा येऊन गेला."

"त्याला कसं कळेल? मी एक शब्द बोललो नव्हतो."

"श्वासावरनं ओळखलं म्हणाले. उंबऱ्यातच. लहानपणी एका अंथरुणात झोपायचो आम्ही, म्हणाले, दादाचा श्वास नाकात अडकतो." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी म्हटलं, मग हाक का नाही मारली? तर म्हणाले, हाक मारली असती तर उलट्या पावली गेला असता. तो आत यावा म्हणून सिलिकॉनवाले म्हणालो. माझ्या मनातलं सगळं सांगून घेतलं त्याला. पाणी पण पाजलं."

मी खिडकीकडे बघत बसलो. बाहेर कोणीतरी सायकल उभी करत होतं.

"मग नंतर का नाही बोलला तो?" माझा आवाज चढला. कोणावर चढला कुणास ठाऊक. "सहा वर्षं होती की!"

"मी रोज म्हणायची, दादा. तुमचा पेपर वाचून व्हायचा, इकडं शांत व्हायचं, तरी हे खुर्चीतनं उठायचे नाहीत. मी म्हणायची, संपला की आता, चला अंघोळीला. तर म्हणायचे, थांब जरा. मी माझं बोललोय त्या दिवशी. आता तो बोलेल. आज म्हणेल बघ, गुरू म्हणून हाक मारेल."

"आणि मग?"

"मग तुमच्याकडं गॅसवर भांडं ठेवल्याचा आवाज यायचा. तेव्हा उठायचे."

कमळ आणखी थोडा वेळ बसली आणि गेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय? पेपर संपला की मला लगेच चहा लागतो. सहा वर्षांत मी एकदाही तिथं पाच मिनिटं जास्त बसलो नाही.